दळीवरची सावड

मालोजी घाऱ्याच्या शेतात भाताच्या रोपाला लावणीआधीच कांडं धरायला लागलं आणि त्याचं खापर फुटलं फुटबॉलवर.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. त्या साली, म्हणजे एकोणीसशे सव्वीस साली, आषाढात पावसाने अशी दडी मारली की केळवलीपासून कर्जतपर्यंत सगळ्यांची आवणी, म्हणजे भाताची लावणी, खोळंबली, आणि पाऊस परत लागला तो नेमका फुटबॉलच्या ऐन मोसमात. मालोजीचा धाकटा भाऊ भिवाजी कर्जतच्या इंजिन शेडमध्ये फिटर होता आणि शेडच्या फुटबॉल टीमचा म्यानेजर. दरसाल त्याचे निम्मे गडी आवणीला पळायचे आणि तो सात-आठ जणांना घेऊन मैदानात कपाळाला हात लावून उभा राहायचा. म्हणून यंदा त्याने डोकं चालवलं. आमच्या घराण्यात कुणी डोकं चालवलं की काय होतं, ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

त्याने काय करावं, तर टीमचीच सावड लावली! आज सगळे मिळून तुझ्या खाचरात, उद्या सगळे मिळून माझ्या. मजुरीचं नाव नाही, हाताची फेड हाताने. सगळे गडी एकेका घरी उतरले की घर दिवसात मोकळं. आवणीही सरेल आणि म्याचही चुकणार नाही. कल्पना नामी होती. दिवसभर चिखलात कमरेत वाकलेला माणूस दुसऱ्या दिवशी पळतो कसा, एवढंच काय ते म्यानेजरसाहेबांच्या ध्यानात आलं नाही.

स्पर्धेच्या खालच्या वर्गात सगळ्यांच्या पुढे असलेली टीम चार घरांची आवणी झाल्यावर एक म्याच हरली. आणखी तीन घरं झाल्यावर दुसरी. तिसरी बरोबरीत सुटली, तीही समोरचे गडी आदल्या दिवशी आपली आवणी उरकून आले होते म्हणून. आता एकच उरली होती, रविवारची, कल्याणवाल्यांशी. ती जिंकली तर पुढच्या साली टीम वरच्या वर्गात, मुंबईच्या मैदानांवर. फोरमनसाहेबाने भिवाजीला बोलावून सांगितलं होतं, की नाही जिंकलात तर पुढच्या साली म्यानेजर दुसरा बघू. साहेबाने हे रागावून नाही सांगितलं, चहा पाजून सांगितलं. भिवाजीला त्याचंच जास्त लागलं.

आणि आवणीतलंही एकच घर उरलं होतं. थोरल्या भावाचं. शनिवारी सकाळी त्याच घरच्या पडवीत टीम जमली होती आणि मालोजीच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"लोकांची खाचरं हिरवी झाली, आन माजं रोप वाफ्यात म्हातारं व्हतंय! सख्ख्या भावाचं घर शेवटी धरतोस?"

"दादा, म्यानेजरचं घर पयलं धरलं असतं, तर लोकांनी तोंडात शेन घातलं असतं."

"आता मी घालतो! त्या फुग्यात वारा भरून लाथा मारायच्या, त्याला म्यानेजर कशाला लागतो रं? बैल हाकायचा तर एक मानूस पुरतो."

पोरं खाली मान घालून पेज पीत होती. हसू दाबायला पेज बरी पडते.

 भिवाजीच्या मनात दुसरंच चाललं होतं. आज इथे पोरं वाकली, की उद्याची म्याच गेली. आणि वाकली नाहीत तर भाऊ गेला. रात्रभर त्याने या कुशीवरून त्या कुशीवर हाच हिशोब केला होता आणि दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं.

आत चुलीपाशी त्याची बायको सोनाबाई भाकऱ्या थापत होती. थोरल्या दिरापुढे ती कधी बोलत नसे. बोलायचं झालं तर मोठ्या जावेशी बोलायची, पण पडवीत ऐकू जाईल अशा आवाजात.

"अक्का, मला इचाराल तर आज आवनीच व्हऊं दे," ती जयवंताला म्हणाली. "उंद्याची म्याच जाऊं दे खड्ड्यात. सुटेल तरी एकदाचा ह्यो नाद. रविवार आला की अकरा बनियनी धुवायच्या, वाळवायच्या. घरात पाय ठेवायला जागा नसती. आन मानूस घरात असून घरात नसतो."

पडवीत मालोजीने मान डोलावली. "बघ, तुजी बायको तुज्यापरीस शानी हाय."

"शानी हाय व्हय?" जयवंता उसळली. ती मालोजीची बायको. पण तिचा हिरामण टीमचा फॉरवर्ड होता, आणि वरच्या वर्गात गेलेल्या पोरांना शेडमध्ये चिकटवून घेतात असं तिच्या कानावर होतं. "आवो, ल्योक हाय तुमचा, बैल न्हवं. जल्मभर चिखलच तुडवायचा का त्यानं? भावोजी, तुमी ह्यांचं आयकू नगा. आवनी मी आन सोना करू, चार बाया बोलावू. पोरास्नी आज निजू द्या पाठ टेकून."

घ्या! थोरल्याची बायको धाकट्याकडे, धाकट्याची थोरल्याकडे. घाऱ्यांच्या घरात भांडण लागलं की माणसं अशीच बाजू बदलून बसायची.

सोनाबाई वरकरणी चिडली होती, पण भाकरी थापताना तिचे डोळे भरून आले. धूर लागला म्हणून तिने पदर लावला. तिच्या पोटी मूल निभावलं नव्हतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं; त्यानंतर भिवाजी दोन वर्षं घरात तोंड उघडून बोलला नाही. मग शेडमध्ये टीम निघाली. तेव्हापासून तो घरी येऊन बोलायला लागला: धाऊ डाव्या पायाने चांगला मारतो, हिरामण पोटात चहा न घेता पळतो, सख्याला थंडी वाजतेय तर त्याला वाकळ दे. अकरा बनियनींनी तिचं घर भरलं होतं हे तिला पक्कं कळत होतं. म्हणूनच तर ती जळत होती. साहेबाने उद्या ही पोरं काढून घेतली तर हा माणूस पुन्हा मुका होईल, ही भीती तिला कुणाला सांगता येत नव्हती. नाद सुटू दे म्हणायचं आणि सुटेल म्हणून घाबरायचं, असं तिचं चाललं होतं.

कोपऱ्यात घोंगडीवर अंबाबाई मिश्री लावत बसली होती. ही दोघा भावांची आत्या. विधवा होऊन माहेरी आली तेव्हा भिवाजी रांगत होता. तिने तोंड धुतलं, पदराला पुसलं आणि पडवीतल्या पोरांवरून नजर फिरवली.

"गोलात उबा ऱ्हातो तो पोरगा कुटं हाय रं? लांब हाताचा?"

"जैतू? येईल की," भिवाजी म्हणाला. "वाडी लांब हाय त्याची."

"लांब असून रोज सगळ्यांच्या आदी येतो म्हनं."

भिवाजीने पहिल्यांदा नीट पाहिलं. सगळे होते, जैतूच नव्हता. डोंगरातल्या ठाकरवाडीचा जैतू, टीमचा गोलकीपर. सगळ्या घरच्या आवणीला तो होता. भिजल्या मांजरासारखा काळोखात यायचा आणि शेवटची मूठ लावून जायचा.

"त्याच्या घरची आवनी कंदी केलीत?" अंबाबाईने विचारलं.

"आत्या, त्याला खाचर कुटं हाय? ठाकरास्नी भातशेत नसतं."

"मंग खातात काय? वारा?"

 पेजेची वाडगी एकाएकी खाली ठेवली गेली.

 हिरामणला ठाऊक होतं. धाऊच्या खाचरात शेजारी शेजारी वाकलेले असताना त्याने जैतूला विचारलं होतं, तुझी पाळी कधी रं? जैतू हसून म्हणाला होता, मला कुटं खाचर हाय, दळीवर नागली हाय नुस्ती. हिरामणला तेव्हा बरंच वाटलं होतं. एक दिवस वाकायचा वाचला. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

"काका," तो म्हणाला, "त्याची दळी हाय. डोंगराच्या उतारावर. नागली लावतात ती. ती बी रोप उपटूनच लावाया लागती."

"आन तू मला आता सांगतोस?"

"तुमी इचारलंच न्हाई. आमी बी बोललो न्हाई."

भिवाजीने बोटांवर मोजलं. अकरा गडी, आणि त्याने घरं धरली दहा. ज्याला भाताचं खाचर नाही त्याला आवणीच नाही, असं तो समजून चालला होता. नऊ घरी राबून घेतलं पोराकडून, आणि फेडायचं डोक्यातसुद्धा आलं नाही! स्वतःला तो सावडीचा मुकादम म्हणवत होता.

"चुकलंच माजं," तो म्हणाला. "सोमवारी जाऊ. सगळे जाऊ. उंद्या एवढी म्याच झाली की सोमवारी पयलं काम त्येच."

हे बोलताना त्याने कुणाच्याच डोळ्यांत पाहिलं नाही. शेड, साहेब, कल्याणवाले, सगळं त्या वाक्यात होतं. पोरांनाही ते कळलं आणि पटलंही. सोमवार काही वाईट वार नव्हता.

आणि मग मालोजी बोलला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता, आणि आमच्या घरात मालोजीचा आवाज खाली आला की लोक जास्त घाबरायचे.

"सोमवारी तुजं काम सरल्यालं असंल, भिवा. मंग तू गेलास काय आन न गेलास काय."

"तसं न्हाई, दादा..."

"तसंच हाय. उंद्या तो पोरगा गोलात हुबा ऱ्हायला पायजे म्हनून सोमवारचं नाव घेतोस. बाबा मरताना माज्यावर जमीन ठेवून गेला, तशी चारचौघांत मान ठेवून गेला. घाऱ्यांच्या घरावर ठाकराच्या पोराची सावड ऱ्हायली, असं कुनी म्हनल्यालं मी आयकून घेनार न्हाई. आज जायाचं. आत्ता."

"आन आपलं रोप?" जयवंता किंचाळलीच.

"ऱ्हाऊं दे त्याला म्हातारं व्हायला. मी तरी कुटं तरना हाय?"

सोनाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. तिने दिराकडे इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं. मालोजी पडवीच्या खांबाला धरून उभा होता. दोन दिवसांनी रोप आणखी निबर होईल, लोंबी बारीक पडेल, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं.

भिवाजीने पोरांकडे पाहिलं. डोंगराचा उतार, पायाखाली निसरडं, दिवसभर वाकून... त्याला उद्याची म्याच डोळ्यांसमोर दिसत होती, आणि ती जात असलेलीही दिसत होती.

"उटा रं," तो म्हणाला. "इरली घ्या. जैतूकडं जायाचंय."

अंबाबाईने भाकऱ्यांचं गाठोडं हिरामणच्या हातात दिलं आणि वर बजावलं, "तितं त्या बाईनं काय पुडं केलं तर नगं म्हनू नका. खावा. राबायला चालतंय तर खायाला बी चालतंय."

ठाकरवाडीच्या वरच्या अंगाला, जिथे चालताना गुडघा हनुवटीला लागतो, तिथे जैतूची दळी होती. डोंगर भाजून केलेला उताराचा तुकडा. जैतू एकटाच वाकला होता. त्याची आई कोंडी हाताला फडकं गुंडाळून दगडावर बसली होती. आदल्या दिवशी घसरून तिचं मनगट मुरगळलं होतं. पावसातून इरल्यांची रांग वर येताना पाहून ती घाबरून उठली. तिला वाटलं जंगलखात्याची माणसं आली.

"म्यानेजर?" जैतू ताडकन उभा राहिला. "मी उंद्या येनार व्हतो! आईचा हात मुरगळला म्हनून आज ऱ्हायलो. म्याच चुकवनार नव्हतो मी, देवाशपथ!"

बिचाऱ्याला वाटलं आपल्याला न्यायला आले. भिवाजीला बोलायचं होतं पुष्कळ, वाटेत त्याने जुळवलंही होतं. पण ते पोर चिखलाचे हात जोडून आपलीच माफी मागतंय असं पाहिल्यावर तो ते सगळं विसरला.

"येडा का काय तू?" तो कसाबसा म्हणाला. "तुजी पाळी हाय आज. आमाला उशीर झाला."

"माजी? माजं कुटं खाचर..."

"गप. रोप कुटं हाय ते दाव."

ती भाताची माणसं. उतारावर त्यांना उभं राहता येईना. सखा तर बसल्या बसल्या घसरत खालच्या झुडपात गेला आणि कोंडी पोट धरून हसली. मग तिने दगडावर बसूनच सगळ्यांना कामाला लावलं: पाय आडवा टाक, रोप खाली पाहून लाव, अरे ते भात नव्हे! मध्येच तिने लेकाला विचारलं, "ह्यो म्यानेजर म्हंजी काय रं? खेळतो का ह्यो?"

"खेळत नाय. पन हारल्यावर सगळ्यात जास्ती रडतो तो म्यानेजर."

भिवाजीने ऐकलं आणि वाकल्या वाकल्याच हसला. किती दिवसांनी हसला कोण जाणे. दुपारी कोंडीने कुर्डूची भाजी आणि नागलीची भाकर पुढे ठेवली. ठेवली आणि मागे सरली. खातील की नाही, तिला भरवसा नव्हता. हिरामणने पहिला घास घेतला. मग कुणी थांबलंच नाही.

दळी पुरी झाली तेव्हा एकालाही सरळ उभं राहता येत नव्हतं. डोंगर उतरताना सगळी टीम म्हाताऱ्यासारखी हात गुडघ्यावर ठेवून चालली होती.

रविवारी मालोजी म्याच बघायला गेला. जन्मात पहिल्यांदा. जयवंताने विचारलं तेव्हा म्हणाला, "बाजार हाय कर्जताला." रविवारी कुठला बाजार असतो, हे तिने विचारलं नाही. नवरा एवढा मऊ झालेला असताना कोण विचारतंय!

उल्हास नदीच्या काठच्या मैदानात छत्र्यांची ही गर्दी. मालोजी इरलं घेऊन एका कडेला उभा राहिला. त्याला खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण आपल्या पोरांच्या पाठी त्याला लांबूनही कळल्या. सगळ्यांचं कंबरेत अवघडलेलं. कल्याणवाले बूट घालून तरतरीत, आपले अनवाणी. सुरुवातीलाच कल्याणवाल्यांनी गोल केला आणि मालोजीच्या तोंडून एवढी मोठी शिवी गेली की शेजारचे स्टेशनमास्तर बाजूला सरकले.

पण पोरं हटली नाहीत. जैतूने तर कमाल केली. उजव्या-डाव्या अंगाला असा झेपावत होता, की मालोजीला वाटलं पोरगं आज हातपाय मोडून घेणार. एकदा बॉल छातीशी धरून तो चिखलात पडला तो लवकर उठेचना, आणि कडेला उभा भिवाजी आईसारखा ओरडला, "जैतू! आरं लागलं का?" मध्यंतरानंतर धाऊने डाव्या पायाने बरोबरी केली. मग मालोजी ओरडू लागला. काय ओरडत होता त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. बैलांना ओरडतात तेच ओरडत असावा.

बरोबरी पुरणार नव्हती. जिंकायला हवं होतं. आणि अगदी शेवटी ती वेळ आली. बॉल हिरामणच्या पुढ्यात, समोरचा गोलकीपर चिखलात आडवा, गोल उघडा. हिरामणने पाय उचलला आणि त्याच्या कंबरेत कळ आली. अशी कळ, की तो तसाच वाकून उभा राहिला. बॉल त्याच्या पायाजवळून हळूहळू बाहेर गेला. कुणी लाथ मारली नसती तरी चाललं असतं, नुसता धक्का लागला असता तरी चाललं असतं. रेफरीने शिट्टी वाजवली.

हिरामण तिथेच बसला तो उठेना. पहिल्यांदा भिवाजी धावला. त्याने पुतण्याला काखेत हात घालून उभं केलं.

"काका, माज्यामुळं..."

"कुनामुळं बी न्हाई रं, सोन्या. कंबर हाय, लोखंड न्हाई."

फोरमनसाहेब आला. त्याने भिवाजीशी हात मिळवला, चांगले खेळलात म्हणाला, आणि मग बॉल, पंप आणि शिट्टी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या खोलीत जमा करायला सांगितलं. कल्याणहून नवा माणूस येईल, बूट घालून खेळायला शिकवील. भिवाजी "हो साहेब" म्हणाला. दोनदा म्हणाला.

मालोजी जवळच उभा होता. त्याला साहेबाला काहीतरी सांगायचं होतं. शनिवारचं सांगायचं होतं. पण साहेबाला सावड म्हणजे काय ते सांगायचं कुठल्या तोंडाने? त्याने भावाच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघे घरी जायला खोपोलीच्या गाडीकडे चालू लागले.

घरी सोनाबाई दारातच होती. तिने विचारलं नाही, चेहऱ्यावरून ओळखलं. भिवाजी पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आत्याच्या समोर, भावाच्या समोर, कशाची म्हणून लाज धरली नाही. सोनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसली. थोरल्या दिरासमोर नवऱ्याच्या शेजारी बसायची तिची ही पहिलीच वेळ, आणि तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

"गेली वो म्यानेजरी?"

"गेली."

"पस्तावा व्हतोय?"

"व्हतोय गं. खोटं कशाला बोलू? काल डोंगरावर गेलो नसतो तर आज जितलो असतो. पक्कं जितलो असतो." त्याने नाक पुसलं. "पर त्या दळीवर गेल्याचा पस्तावा न्हाई. आदी न गेल्याचा हाय. तवाच पाळी धरली असती तर जैतूला बी फेडलं असतं आन आज पाठ बी मोकळी ऱ्हायली असती. आता ती पोरं दुसऱ्याची झाली. म्या काय करू आता रविवारी?"

ती काय सांगणार? नाद सुटावा म्हणून नवस बोलायची ती हीच बाई. तिने त्याची पाठ चोळली, आणि म्याचवरून आणलेल्या अकरा ओल्या बनियनी धुवायला उठली, तेव्हा तीही रडत होती.

सोमवारी भिवाजीला दुपारपाळी होती. उजाडता उजाडता तो भावाच्या खाचरात उतरला. शनिवारी जयवंताने बोलावलेल्या बायांनी बरंच लावलं होतं, पण ओढ्याकडचं मोठं खाचर तसंच पडलं होतं. मालोजी, भिवाजी, दोघी जावा. अंबाबाई बांधावर बसून मुठी फेकत होती. रोप इतकं निबर झालं होतं की बोटाला टोचत होतं.  एवढं खाचर चौघांच्याने आज होत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि म्हणून कुणी तोंडाने म्हणत नव्हतं.

"आत्या, ती कोन मानसं?" जयवंताने पाठ सरळ केली.

ओढ्याच्या बांधावरून इरल्यांची रांग येत होती. पुढे हिरामण, एक हात कंबरेवर. तो पहाटे कुठे गेला होता ते आता कळलं. मागे धाऊ, सखा, पोशा, सगळी टीम. सगळ्यांत मागे जैतू, आणि त्याच्याही मागे हाताला फडकं बांधलेली कोंडी, डोक्यावर कसलीशी पाटी घेऊन.

भिवाजी चिखलात उभा राहिला. "आरं, कुनी बोलावलं तुमाला? मी आता तुमचा म्यानेजर न्हाई. काल साहेबानं..."

"ठावं हाय," धाऊ म्हणाला आणि धोतर खोचून खाली उतरला.

"तुमचं घर ऱ्हायलंय न्हवं?" पोशा म्हणाला.

"जैतू, तू तरी ऱ्हा बाबा. तुजी फेड झाली. तुजी आई..."

"तुमची फेड झाली," जैतू म्हणाला. "माजी कुटं झाली? ह्या घरी मी अजून कंदी वाकलो?"

 कोंडीने अंबाबाईच्या शेजारी पाटी उतरवली. अंबाबाई सरकली आणि तिला घोंगडीवर जागा करून दिली. दोघी म्हाताऱ्या लगेच हातवारे करून बोलायला लागल्या. काय बोलत होत्या कोण जाणे.

पोरं खाचरात उतरली आणि तशीच घोळक्याने उभी राहिली. हातात मुठी, पायाखाली चिखल, आणि सगळे भिवाजीच्या तोंडाकडे बघत.

"आता काय?" त्याने विचारलं.

"आता कुनी कुटं हुबं ऱ्हायाचं ते सांगा," हिरामण म्हणाला. "तुमी सांगितल्याबिगर आमाला कुटं कळतंय?"

सोनाबाईने पदर तोंडाला लावला. भिवाजीने मालोजीकडे पाहिलं. मालोजी रोपाच्या मुठीची गाठ सोडत होता, ती काही केल्या सुटत नव्हती.

"सांग की," मालोजी म्हणाला. "माज्याकडं काय बघतोस? मला काय कळतंय त्यातलं?"

मग भिवाजीने एकेकाचं नाव घेऊन जागा सांगायला सुरुवात केली. धाऊ डाव्या अंगाला. सखा मधी. हिरामण पुढं, पण दमानं. पोशा त्याच्या मागं. जैतू पार शेवटी, बांधाला पाठ करून. अकराही नावं घेईपर्यंत त्याचा आवाज ठीक राहिला. बाराव्या वेळी, थोरल्या भावाला जागा सांगताना, मात्र तो फुटला.

"आन तू, दादा," तो म्हणाला, "तू माज्याशेजारी."